जुन्या टीव्ही गेमच्या खोक्यात कॉम्प्युटर : सोलापूरच्या उन्हात टिकेल असा

माळ्यावर धूळ खात पडलेला कॅसेटवाला टीव्ही गेम खाली काढायचा, आतलं सगळं बाहेर काढायचं आणि तिथे छोटा कॉम्प्युटर बसवायचा. काम अवघड नाही. डाख देण्याच्या मोजक्या जागा, थोडं कापणं, थोडं कानशीने घासणं, एवढंच. तरीही अशी कामं अर्धवट राहतात, कारण क्रम उलटा होतो. लोक आधी बोर्ड विकत घेतात, मग त्याला मावेल असा खोका शोधतात, आणि वारा कुठून येणार, वायरी कुठून जाणार हा प्रश्न झाकण लावायच्या वेळी पडतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४२ अंश असताना हे झाकण लावलं की कॉम्प्युटर गोगलगाय होतो आणि माणूस बोर्डाला शिव्या घालतो.

म्हणून या लेखात वारा आणि मागची बाजू आधी येते, बाकीचं मागाहून. शेवटी हातात येईल तो रास्पबेरी पायवर (एकाच छोट्या बोर्डावर मावणारा कॉम्प्युटर, पुढे नुसतं ‘पाय’) चालणारा, टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर. त्यावर इंटरनेट, मराठी टायपिंग, मुलांचा अभ्यास आणि जुने खेळ आरामात होतात. व्हिडिओ एडिटिंग वगैरेची अपेक्षा ठेवू नका.

१. खोका : बंद पडलेलाच घ्या

नव्वदच्या दशकात आपल्याकडे सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी जे टीव्ही गेम आले, ते निन्टेन्डोच्या १९८३ साली जपानात निघालेल्या फॅमिली कॉम्प्युटरच्या धर्तीवरचे. आपल्या कामाला हे सगळ्यात सोयीचे. खोका ऐसपैस, आतला बोर्ड मात्र तळहाताएवढा. उघडलात की दिसेल, बोर्डाच्या मधोमध डांबराचा थेंब सांडल्यासारखा एक काळा फुगवटा असतो. सगळा गेम त्या थेंबाखालच्या चिपमध्ये. बाकी खोक्यात हवाच.

चालू असलेला गेम फोडू नका. तो कोणाला तरी हवा असतो, आणि तुम्हाला त्यातला बोर्ड लागणारच नाही. मात्र जुन्या सामानाच्या दुकानात ही मागणी विचित्र वाटते. संवाद साधारण असा होतो :

“अण्णा, कॅसेटवाला टीव्ही गेम आहे का? बंद असला तरी चालेल.”

“बंद घेऊन काय करणार बे? चालू देतो की.”

“चालू नको, बंदच द्या.”

“मग रिकामं डबडंच घेऊन जा की!”

तेच न्यायचं आहे. फक्त नुसता ‘व्हिडिओ गेम’ विचारू नका, मोबाईलसारखा हातातला गेम समोर येतो. ‘कॅसेटवाला, टीव्हीला जोडायचा’ असं पूर्ण सांगा. घेताना उलटा करून चारही स्क्रूच्या नळ्या शाबूत आहेत का बघा. वरून चकचकीत आणि आतून नळी तुटलेली, असा खोका नंतर कधीच घट्ट बसत नाही. सोबत एखादी बंद पडलेली कॅसेट मिळाली तर तीही उचला. ती कशाला, ते पुढे येईल.

हे खोके टाळा :

पहिला प्लेस्टेशन आणि जाडा प्लेस्टेशन २. यांच्या पोटात २३० व्होल्टचा पॉवर सप्लाय असतो. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो. टीव्ही दुरुस्तीची सवय असलेला माणूस सोबत असेल तरच त्यांच्या वाटेला जा. २००० साली आलेल्या लहान, गोल कोपऱ्यांच्या पीएस वनला बाहेरून अॅडॅप्टर आहे, त्यामुळे ही भीती नाही, पण आत जागा कमी.

अस्सल जपानी फॅमिली कॉम्प्युटर हाती लागला तर त्याला करवत लावू नका. संग्राहक त्याची चांगली किंमत देतात, आणि तेवढ्यात तुमचा नवा बोर्ड निघेल.

२. बोर्ड कोणता आणि कुठून

रास्पबेरी पाय ४ घ्या, २ किंवा ४ जीबीचा. माझं मत विचाराल तर या खोक्यासाठी पाय ५ चा हट्ट नको. तो वेगवान आहे खरा, पण जास्त तापतो आणि त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अॅडॅप्टर लागतो. पाय ४ ला ३ अँपिअर पुरतात. फक्त जुने खेळच खेळायचे असतील तर पाय झीरो २ डब्ल्यू चालेल. पण त्यात मेमरी ५१२ एमबीच आहे. ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडले की ती संपते.

सोलापुरात वायर, एलईडी, रेझिस्टर, स्विच, पंखा हे टीव्ही आणि मोबाईल दुरुस्तीचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळतं. नवी पेठेत चौकशी केली तरी बरंचसं हाती लागतं. पाय मात्र ऑनलाइन मागवा किंवा पुण्याला कोणी जात असेल तर बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून आणायला सांगा. मेमरी महागली की या बोर्डांचे दरही वर जातात, म्हणून गेल्या वर्षी कोणी सांगितलेला भाव धरून बसू नका. जीएसटीचं बिल घ्या आणि जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी तेच मागतात.

बाकी सामान :

• ३२ जीबीचं चांगल्या कंपनीचं मेमरी कार्ड, त्यावर ‘ए१’ असं छापलेलं
• पायसाठीचाच ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अॅडॅप्टर (मोबाईलचा चार्जर नको, कारण पुढे आहे)
• मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय अशी छोटी वायर, जिचं टोक खोक्याला स्क्रूने बसवता येतं
• यूएसबीच्या दोन छोट्या एक्स्टेन्शन वायरी
• ४० मिमीचा ५ व्होल्टचा पंखा आणि चिपवर चिकटवायचे हीटसिंक (उष्णता ओढून घेणारे धातूचे तुकडे)
• २.५ मिमीचे स्क्रू आणि पितळी किंवा नायलॉनचे स्पेसर (बोर्ड तळापासून उचलून धरणाऱ्या छोट्या नळ्या)
• अॅराल्डाइट, बारीक नायलॉनची मच्छरदाणी, ३३० ओहमचा एक रेझिस्टर
• सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, स्टार स्क्रू ड्रायव्हर, हात-ड्रिल, गोल आणि चपटी कानस, पॉलिश पेपर, मार्किंगसाठी कागदी टेप

ग्लू गन या यादीत मुद्दाम नाही. त्या गोंदाची कांडी उष्णतेने मऊ होते, आणि उन्हाळ्यात बंद खोक्यात स्पेसर हळूहळू कलंडायला लागतात. अॅराल्डाइट लावून एक रात्र हात न लावता ठेवा.

३. उघडा, पण लगेच काही उपटू नका

इथे बहुतेक जण घाई करतात. झाकण निघालं की बोर्ड ओढून काढला आणि वायरी कापल्या. नंतर जुने कंट्रोलर वापरायची इच्छा झाली की कुठली वायर कशाची, हे कळायला मार्ग उरत नाही. या गेमच्या ९ पिनच्या सॉकेटची जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, त्यामुळे कुठला तयार तक्ता बघून भागत नाही.

म्हणून आधी मोबाईलने वरून, बाजूने फोटो काढा. मग बोर्डावर तीन पायांचा, पाठीला पत्रा लावलेला भाग शोधा. त्यावर ७८०५ लिहिलेलं असतं. अक्षरं आपल्याकडे धरली तर डावा पाय अॅडॅप्टरकडून येणारा, मधला ग्राउंड, उजवा ५ व्होल्टचा. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक मधल्या पायाला लावा आणि दुसरं कंट्रोलरच्या सॉकेटच्या एकेका पिनेला. जिथे वाजेल ती ग्राउंड. तसंच उजव्या पायावरून ५ व्होल्टची पिन सापडते. उरलेल्या तीन कामाच्या वायरी म्हणजे लॅच, क्लॉक आणि डेटा (त्यांचं काम दहाव्या पायरीत येईल). त्यातली डेटाची वायर दोन्ही सॉकेटना वेगवेगळी असते. लॅच दोन्हींना एकच असते, क्लॉक बहुधा वेगवेगळी. हे सगळं एका कागदावर काढून ठेवा आणि तो कागद बिलासोबत ठेवा. मग खुशाल बोर्ड काढा.

रीसेटचं बटण, पॉवरचा स्विच, लाल दिवा आणि कंट्रोलरची सॉकेट जागेवरच राहू द्या. त्यांच्या वायरी बोटभर लांब ठेवून कापा.

रिकामा खोका साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. पिवळा पडलेला पांढरा खोका पुन्हा पांढरा करायचा असेल तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन ही जोडी काम करते. दुसऱ्या गोष्टीची आपल्याकडे टंचाई नाही. फक्त हातमोजे घाला, डोळे सांभाळा, आणि सकाळचं ऊन वापरा. दुपारी पत्र्यावर ठेवलेलं पातळ प्लॅस्टिक वाकडं होऊ शकतं, आणि वाकलेलं झाकण परत सरळ होत नाही.

४. पुठ्ठ्याचा पाय

पाय ४ चं माप ८५ मिमी बाय ५६ मिमी. स्क्रूच्या चार छिद्रांमधलं अंतर ५८ मिमी बाय ४९ मिमी. या मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर सॉकेटच्या जागी खोडरबराचे तुकडे चिकटवा आणि तो खोक्यात फिरवून बघा. खरा बोर्ड आणण्याआधी हे करायचं.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की पायची सॉकेट एका बाजूला नाहीत. पॉवर, एचडीएमआय आणि ऑडिओ लांब बाजूला, यूएसबी आणि लॅन आखूड बाजूला, मेमरी कार्ड त्याच्या विरुद्ध टोकाला खालून. म्हणजे सगळं मागे तोंड करून बसवणं शक्यच नाही. मला पटलेली मांडणी अशी : लांब बाजू मागे. यूएसबीचे दोन सॉकेट एक्स्टेन्शनने पुढे आणायचे, कंट्रोलरच्या सॉकेटशेजारी. कार्डाच्या समोर खोक्याला एक बारीक फट ठेवायची, म्हणजे कार्ड बदलायला सगळं उघडावं लागत नाही. झाकणाच्या आतून खाली आलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मध्ये येत असतील तर त्यांवर आत्ताच खूण करा. पट्ट्या कापल्या तरी चालतील, स्क्रूच्या नळ्या कापायच्या नाहीत.

आत पत्र्याचं आवरण असेल तर ते काढून टाका. ते बोर्डाला लागून शॉर्ट होऊ शकतं, शिवाय पायच्या वायफायचा अँटेना बोर्डावरच असल्याने पत्र्याआड रेंज मरते.

५. वाऱ्याचा रस्ता

आता मुख्य काम. पाय ४ ची चिप ८० अंशांवर गेली की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. खोली २२ अंशांवर असेल तर चिपला तापायला ५८ अंशांची मोकळीक आहे. आपल्या मे महिन्यात तीच मोकळीक ३८ अंशांवर येते, आणि खोका बंद असल्याने आतली हवा खोलीपेक्षाही गरम. त्यामुळे थंड गावात कोणी पंख्याशिवाय भागवलं असेल, तो दाखला इथे चालत नाही.

दुसरी अडचण धुळीची. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. हवेत सुताचं तूस असतं आणि ते पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या फटींत गादीसारखं बसतं. बाहेर फेकणारा पंखा लावला तर हवा मिळेल त्या फटीतून आत येते, कंट्रोलरच्या सॉकेटमधूनसुद्धा, आणि सोबत तूस आणते. म्हणून पंखा आत फुंकणारा लावायचा, आणि त्याच्या तोंडावर जाळी. मग आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो, फटींतून हवा बाहेर जाते आणि आत येण्याचा रस्ता एकच उरतो, जाळीचा.

पंखा तळाला बसवा, पायच्या चिपच्या जवळपास. कागदी टेप लावून त्यावर ४० मिमीचं वर्तुळ आखा आणि कडेकडेने छोटी छिद्रं पाडून मधला तुकडा काढा. ड्रिल हळू चालवा. वेगात प्लॅस्टिक कापलं जात नाही, वितळून बिटला गुंडाळलं जातं. कड कानशीने साफ करा. बाहेरून मच्छरदाणीचा तुकडा असा बसवा की चार स्क्रू न काढता ओढून काढता येईल. यंत्रमागाच्या भागात आठवड्याला आणि इतरत्र महिन्याला ती झटकावी लागते. जाळीवर करड्या रंगाची साय धरलेली दिसली की समजा, वारा अर्ध्यावर आला आहे.

तळाला पंखा म्हणजे खोका जमिनीपासून वर हवा. मूळ रबरी पाय दोन-तीन मिमीचे असतात, ते पुरत नाहीत. निदान १० मिमीचे रबरी बूट लावा. आणि खोका चादरीवर, गादीवर ठेवू नका. सोलापुरी चादर कितीही आवडती असली तरी ती पंख्याचं तोंड बंद करते.

गरम हवा बाहेर जायला वाट आयती आहे, कॅसेटची खाच. ती वरच्या बाजूला असते आणि गरम हवा वरच जाते. पण स्प्रिंगची झडप असेल तर ती खाच बंद राहते, आणि झडप काढली तर वरून धूळ आत. इथे ती बंद पडलेली कॅसेट कामाला येते. तिचे दोन अर्धे वेगळे करा, आतला छोटा बोर्ड काढा. वरच्या कडेला दोन मिमीच्या लांबट खाचा पाडा, आतून मच्छरदाणी चिकटवा, परत जोडा. खालचं तोंड उघडंच असतं. ही पोकळ कॅसेट खाचेत बसवली की झडप दाबलेली राहते, हवा कॅसेटमधून वर निघते, आणि बघणाऱ्याला गेम लावून ठेवल्यासारखा वाटतो. ‘९९९९९९ इन १’ चं स्टिकर शाबूत असलेली कॅसेट मिळाली तर उत्तमच.

६. वीज

जुना ९ व्होल्टचा अॅडॅप्टर बाजूला ठेवा, आणि त्यावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावा. घरातलं कोणीतरी ‘याचाच आहे’ म्हणून तो जोडतं. पायला ५ व्होल्ट लागतात. शिवाय त्या काळच्या अनेक अॅडॅप्टरची पिन उलटी, म्हणजे मधला भाग ऋण असा असायची. खोक्याचं जुनं पॉवर सॉकेट काढून ती जागा बुजवलेली बरी.

“मग ७८०५ आहे ना, तो ९ चे ५ करतो,” असा प्रश्न येतोच. करतो, पण उरलेले ४ व्होल्ट उष्णता म्हणून उधळतो. १ अँपिअरला ४ वॅट उष्णता खोक्याच्या आतच. आणि पायला गरज पडते ३ अँपिअरपर्यंत. तेवढं त्या भागाच्या कुवतीबाहेर आहे.

अॅडॅप्टरची वायर मागच्या भोकातून थेट पायच्या टाइप-सी सॉकेटमध्ये जाऊ द्या. मध्ये एक्स्टेन्शन नको, आणि खोक्याचा जुना पॉवर स्विच तर अजिबात नको. हिशोब बघा. बारीक वायर आणि गंजलेल्या स्विचचा मिळून ०.२ ओहम विरोध धरला तर ३ अँपिअरला ०.६ व्होल्ट तिथेच जातात. ५.१ चे ४.५ होतात. पाय ४.६३ व्होल्टच्या खाली कमी दाबाचा इशारा देतो, स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. कॉम्प्युटर मधेच अडखळायला लागला की लोक कार्ड बदलतात, सॉफ्टवेअर पुन्हा टाकतात. आधी ती पिवळी वीज दिसते का बघा. मोबाईलच्या चार्जरनेही हेच होतं. त्यावर कितीही वॅट छापलेले असले तरी ते बहुधा ९ किंवा १२ व्होल्टला असतात, ५ व्होल्टला नव्हेत.

लाईट जाण्याचं काय? लिहीत असताना वीज गेली तर मेमरी कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडू शकते. वायफाय राउटरसाठी मिळणारे छोटे यूपीएस घेताना ५ व्होल्टच्या तोंडावर ३ अँपिअर लिहिलेत का ते वाचा, बऱ्याचदा २ च असतात. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही आणि खोका त्याच पॉइंटवर घ्या. निव्वळ खेळासाठी खोका असेल तर रास्पबेरी पायच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ चालू करा. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही आणि लाईट गेली तरी नुकसान नाही. पण मग तुम्ही सेव्ह केलेलंही राहत नाही, हे घरच्यांना आधी सांगा.

७. रीसेटचं बटण आणि लाल दिवा

खोक्यावरचा पॉवर स्विच सरकवून अडकणारा, तर रीसेट दाबून सुटणारा. आपल्याला दुसरा हवा. त्याच्या दोन वायरी पायच्या ५ आणि ६ नंबरच्या पिनांना जोडा. कॉम्प्युटर शटडाउन झालेला असताना या दोन पिना क्षणभर जुळल्या की तो सुरू होतो, त्याला वेगळं काही करावं लागत नाही. त्याच बटणाने शटडाउनही व्हावं यासाठी बूट सेटिंगच्या फाइलमध्ये ‘जीपीआयओ शटडाउन’ हा ओव्हरले (तयार जोड-सेटिंग) एकदा चालू करायचा. पाय ५ घेतला असेल तर बोर्डावर पॉवरचं बटण आहेच, आणि बाहेरचं बटण जोडायला जे२ नावाची वेगळी जागा दिली आहे.

लाल दिव्याची लांब तार ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून ८ नंबरला, आखूड तार ९ नंबरला. सेटिंगमध्ये सिरियल पोर्ट चालू केला की ८ नंबरच्या पिनेवर कॉम्प्युटर चालू असेपर्यंत व्होल्टेज राहतं. शटडाउन पूर्ण झालं की दिवा विझतो, मग भिंतीवरचं बटण बंद करायला हरकत नाही. पंखा ४ आणि १४ नंबरला. तो शटडाउननंतरही फिरत राहील, त्यात बिघाड काही नाही.

जीपीआयओच्या, म्हणजे बटण-दिवे जोडायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना ५ व्होल्ट लागले की बोर्ड जातो. ४ नंबरच्या ५ व्होल्टशेजारी काम करताना प्लग काढलेला असू द्या, आणि प्रत्येक डाखावर स्लीव्ह (प्लॅस्टिकची बारीक नळी) चढवा.

८. सॉफ्टवेअर

हा भाग सोपा आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर उतरवा, ६४ बिटची रास्पबेरी पाय ओएस निवडा. वायफाय आणि पासवर्ड तिथेच भरा आणि कार्ड तयार करा. मराठीसाठी सॉफ्टवेअर इन्स्टॉलरमधून लोहित देवनागरी फॉन्ट, आयबस आणि त्याचा एम१७एन हा भाग टाका. मग इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसार, जशी सवय असेल तसं टाइप करता येतं. वरच्या पट्टीवर सीपीयू तापमानाचं छोटं खूण-चिन्ह जोडून घ्या, त्याची पुढच्याच पायरीला गरज आहे. खेळांच्या बाबतीत, स्वतःकडे असलेले किंवा बनवणाऱ्यांनी मोफत वाटलेलेच टाका. ‘हजार गेम भरलेलं कार्ड’ विकणाऱ्यांकडून घेतलं तर त्यात आणखी काय भरलंय ते कळत नाही.

९. झाकण लावण्याआधीची परीक्षा

झाकण नुसतं ठेवा, स्क्रू लावू नका. दुपारी दोन वाजता, नेहमी जिथे ठेवणार त्याच जागी, टीव्हीच्या मागे असेल तर मागेच, तासभर व्हिडिओ चालू ठेवा. तापमान ७० च्या आसपास थांबलं तर ठीक. ७५ च्या वर चढतच राहिलं तर कॅसेटच्या खाचा रुंद करा किंवा तळाचे बूट उंच करा. गड्डा यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या गारव्यात ही परीक्षा घेऊन पास झालो असं समजू नका. जानेवारीत काम करत असाल तर चिपच्या तापमानातून त्या दिवशीचं खोलीचं तापमान वजा करून फरक काढा आणि त्यात ४२ मिळवा. बेरीज ८० ला टेकली तर वाऱ्याचा रस्ता अजून अपुरा आहे.

१०. जुने कंट्रोलर

हवे असतील तरच. नाहीतर यूएसबीचे जॉयस्टिक जोडा आणि मोकळे व्हा. जुनेच हवे असतील तर अर्डुइनो प्रो मायक्रो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड) घ्या. त्याची चिप स्वतःला यूएसबी जॉयस्टिक म्हणून दाखवू शकते, नेहमीच्या अर्डुइनो उनोला ते थेट जमत नाही. तिसऱ्या पायरीतला कागद काढा : ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि दोन डेटा. प्रो मायक्रोचं ५ व्होल्टचं मॉडेल असेल तर कंट्रोलर त्यालाच जोडा, पायच्या पिनांना थेट जोडायचे नाहीत. लॅचचा इशारा दिला की कंट्रोलर आठ बटणांची स्थिती क्लॉकच्या ठोक्यागणिक एकामागून एक सांगतो : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. यासाठीचे तयार प्रोग्रॅम मिळतात, त्यात फक्त पिनांचे नंबर बदलायचे. एखादं बटण दाबूनही लागत नसेल तर कंट्रोलर उघडून आतल्या रबराखालचा काळा ठिपका आणि बोर्डावरची जागा कापसाने पुसा. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

सोबत आलेली बंदूक मात्र शोभेपुरतीच. ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर उजेड कोणत्या क्षणी पडतो ते ओळखून चालायची, एलसीडी आणि एलईडी टीव्हीवर तिला काही दिसत नाही. तिचा चाप आणि वायर काढून ठेवा, दुसऱ्या खोक्याला बटण म्हणून उपयोगी पडतील. काढलेला जुना बोर्ड कचऱ्यात टाकण्याआधी ज्याच्याकडून खोका घेतला त्याला विचारा. त्याच्याकडे दुसरा, फक्त ७८०५ जळलेला गेम पडलेला असू शकतो.